मोफत विद्येची परंपरा आणि आपले वसतिगृह

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या मंडळाच्या विद्यार्थी-वसतिगृहाचा विषय निघाला असता काही तरुण सभासदांनी एक सूचना मांडली. देशातील उत्तमोत्तम प्राध्यापकांची व्याख्याने आज घरबसल्या, एक पैही न देता, मोबाईलवर ऐकावयास मिळतात. तेव्हा खेड्यापाड्यांतील मुलांना छत्रपती संभाजीनगरास आणून ठेवण्याचे प्रयोजन आता उरलेले नाही. सबब वसतिगृहाची इमारत मंगलकार्यांसाठी भाड्याने द्यावी आणि येणाऱ्या उत्पन्नातून गरजू मुलांस मोबाईल घेऊन द्यावेत, असा त्या सूचनेचा आशय होता. सूचना सद्हेतूने केलेली होती, आणि ती करणारे तरुण स्वतः सुशिक्षित व मंडळाविषयी कळकळ बाळगणारे आहेत. सभेने निर्णय पुढील वर्षावर ठेवला. आम्ही स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलो नाही; मात्र सारे आयुष्य शाळेत मुलांच्या वह्या तपासण्यात घालविले. म्हणून विद्वत्तेचा आव न आणता, मोफत विद्येची दारे आपल्या देशात आणि या नगरात कशी कशी उघडत आली व त्यांतून आत कोण पोहोचू शकले, याचा थोडासा इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटले. निर्णय अर्थातच सभेचा आहे.

ज्या वडीलधाऱ्या मंडळींस या नव्या पद्धतीचा परिचय नसेल त्यांच्यासाठी आरंभी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. विद्यापीठातील एखाद्या विषयाचे आठ किंवा बारा आठवड्यांचे पाठ ध्वनिचित्रमुद्रित करून इंटरनेटवर ठेवावयाचे, दर आठवड्यास गृहपाठ द्यावयाचा, तो बहुतांशी यंत्राकडून तपासून घ्यावयाचा, आणि जगातील कोणाही इच्छुकास, मग ते शंभर असोत वा लाख असोत, विनामूल्य प्रवेश द्यावयाचा, असे या अभ्यासक्रमांचे स्वरूप आहे. प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही, मागील गुणपत्रिका कोणी मागत नाही. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या अभ्यासक्रमांस ‘मूक’ असे म्हणतात. आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ काय होतो हे वाचकांस सांगावयास नकोच. तो योगायोगच खरा. परंतु त्या योगायोगात थोडे तथ्यही आहे, ते पुढे दिसून येईल.

दूर बसून शिकण्याची कल्पना मात्र नवी नाही. इंग्लंडात १८४० साली टपालाचा एक पेनीचा सरसकट दर सुरू झाला, आणि आयझॅक पिटमन नावाच्या एका शिक्षकाने त्याचा लाभ घेऊन आपली लघुलेखनाची विद्या टपालाने शिकविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी धडा लिहून पाठवीत आणि तो दुरुस्त होऊन त्यांच्याकडे परत जाई. या व्यवहारातील दुसरा अर्धा भाग वाचकांनी लक्षात ठेवावा. धडा दूर पोहोचविणे ही टपाल खात्याची कामगिरी होती. चुकलेले अक्षर पाहून ते सुधारून देणे ही शिक्षकाची होती. पुढे १८५८ साली लंडन विद्यापीठाने वर्गात न बसलेल्यांसही पदवीपरीक्षेचे दार उघडले. म्हणजे पाठ घरी आणि परीक्षा विद्यापीठात, ही आजच्या व्यवस्थेची चौकट दीडशेहून अधिक वर्षांची आहे.

आपल्याकडे मोफत शिक्षणाचा विचार करताना प्रथम स्मरण होते ते राजर्षी शाहू छत्रपतींचे. त्यांनी करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९०१ सालापासून, त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघावीत म्हणून जागा, इमारती व वार्षिक साहाय्य देण्यास आरंभ केला होता. मराठा विद्यार्थ्यांचे व्हिक्टोरिया बोर्डिंग १९०१ चे, मुसलमान विद्यार्थ्यांचे १९०६ चे, अस्पृश्य मानलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी निघालेले मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात ते याच कारणाने. हा कालक्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. शहरात शाळा होत्या. परंतु शाळा असणे आणि खेड्यातील पोराने तेथपर्यंत पोहोचून तेथे टिकणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या राजाने ओळखले. दोन वेळचे जेवण, रात्री दिवा, आणि आपल्यासारखीच अडचण सोसणारा सोबती यांवाचून गरिबाच्या मुलाची शाळा पुरी होत नाही. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी पुढे जी वसतिगृहे काढली त्यांची मुळे कोल्हापूरच्या या कार्यात आहेत.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. निजामी राजवटीत येथील मराठी मुलांपुढे खर्चाइतकीच मोठी अडचण भाषेची होती. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले व त्याने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केला. एका देशी भाषेतून संपूर्ण विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो मोठा धाडसी प्रयोग होता. त्यासाठी खास भाषांतर विभाग काढून विज्ञान, गणित, इतिहास अशा विषयांची पुस्तके उर्दूत उतरविण्यात आली. मौलवी अब्दुल हक यांनी ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचे कार्य कित्येक वर्षे आमच्या याच नगरातून चालविले, आणि येथील इंटरमीजिएट महाविद्यालयही १९२३ साली उस्मानियाच्याच छत्राखाली निघाले. परंतु देशी भाषेचा हा लाभ ज्यांची ती भाषा होती त्यांनाच सुलभ झाला. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास गणित शिकण्यापूर्वी गणिताची भाषा शिकावी लागे. ही उणीव जाणूनच येथील धुरीणांनी मराठी शाळांचा ध्यास घेतला. १९१५ सालापासून चालत आलेली या नगरातील सरस्वती भुवन शिक्षणसंस्था, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबेजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ही त्या ध्यासाची फळे होत. शेवटल्या दोन्ही ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले, हेही येथे स्मरणीय आहे. तात्पर्य, ज्ञानाचे भांडार उघडले तरी ते कोणत्या भाषेत उघडले यावर ते कोणाच्या पदरी पडणार हे ठरते.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झाले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० च्या जून महिन्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय या नगरात सुरू केले. १९५१ च्या १ सप्टेंबर रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या वास्तूची कोनशिला बसविण्यात आली. मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढताना बाबासाहेबांनी दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग योजिले होते. येथे तर त्यांनी उजाड माळावर महाविद्यालयाबरोबरच विद्यार्थ्यांच्या निवासाचाही विचार केला. परभणी, नांदेड, बीड, धाराशिवकडच्या ज्या घरांत त्यापूर्वी कोणी शाळेची पायरीही चढलेले नव्हते, तेथील मुले पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन येथे आली आणि पदवीधर होऊन बाहेर पडली. महाविद्यालयाचे दार सर्व जातिधर्मांस खुले होते, आणि आपल्याही ज्ञातीतील कित्येक घरांतील पहिला पदवीधर तेथलाच आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

या महाविद्यालयास ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसरास ‘नागसेनवन’. या दोन नावांत शिक्षणाचे एक संपूर्ण तत्त्वज्ञान सामावलेले आहे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. नागसेन म्हणजे बौद्ध भिक्षू. राजाने प्रश्न करावा, भिक्षूने दृष्टान्त देऊन उत्तर द्यावे, राजाचे समाधान न झाल्यास त्याने पुन्हा विचारावे, असा तो पाली ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’ आहे. तेथे नागसेन एकटाच बोलत राहिला असता तर तो ग्रंथ झाला असता की नाही, कोण जाणे! विचारणारा आणि ऐकून घेणारा असे दोघे असतील तेथेच विद्या उभी राहते. आजच्या ‘मूक’ अभ्यासक्रमांचे मोजमाप करावयास आमच्या नगरात हा गज आयताच उपलब्ध आहे.

१९५८ च्या २३ ऑगस्ट रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्याचाच १९९४ साली ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. विद्यापीठ जवळ आले तरी शेत, नोकरी वा संसार सोडून येणे ज्यांस शक्य नव्हते त्यांचा प्रश्न शिल्लकच होता. देशात १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, १९७१ साली मुंबई विद्यापीठाने ती वाट धरली. १९८४ च्या स्वातंत्र्यदिनापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग आरंभिला. दुपारच्या वेळी उत्तम व्याख्याने घरात येऊ लागली. परंतु ती प्रायः इंग्रजीत असत आणि पडद्याला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. दूरचित्रवाणीसंच तेव्हा मोजक्या घरांत होते, आणि त्या घरांतही त्या वेळी कोणी वही घेऊन बसल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

याच मालिकेत महाराष्ट्रापुरते सर्वांत महत्त्वाचे पाऊल १९८९ च्या जुलैत पडले. नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रा. राम ताकवले हे पहिले कुलगुरू, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. बारावी न झालेल्यांसही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून पदवीकडे जाता यावे, ही त्याची योजना. आपल्या ज्ञातीतील कित्येक भगिनींनी लग्नानंतर, लेकरे शाळेत गेल्यावर, याच मार्गाने पदवी मिळविली. या विद्यापीठाची मराठी पाठ्यपुस्तके स्वतः वाचून समजावीत अशा बेताने लिहिलेली असत. आणि तरीही त्याने गावोगावी अभ्यासकेंद्रे काढली, सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रे ठेवली, समंत्रक नेमले. १९६९ साली स्थापन झालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानेही हेच केले होते. ज्यांनी ज्यांनी दूरशिक्षण गांभीर्याने चालविले त्यांस अखेरीस विद्यार्थ्याच्या जवळपास कोणीतरी माणूस ठेवावा लागला, असा हा अनुभव आहे.

आता ‘मूक’ अभ्यासक्रमांचा प्रत्यक्ष इतिहास पाहू. २००८ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स या दोन अध्यापकांनी एक वर्ग चालविला. फी भरलेले विद्यार्थी सुमारे २५, आणि इंटरनेटवरून फुकट सामील झालेले सुमारे २२००. यावरूनच या प्रकारास हे नाव पडले. २०११ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकविणाऱ्या सेबास्टियन थ्रून व पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग जगास मोफत खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदविली. शिक्षणाच्या इतिहासात एका वर्गाचा एवढा पट तोपर्यंत कोणी पाहिला नव्हता. २०१२ साली उडॅसिटी, कोर्सेरा आणि हार्वर्ड व एमआयटी यांची एडएक्स अशा तीन संस्था पुढे आल्या. आता विद्यापीठांच्या भिंती कोसळणार, गरीब देशांतील मुलास जगातील श्रेष्ठ गुरू लाभणार, अशी भाकिते सर्वत्र होऊ लागली.

आपला देशही मागे नव्हता. २००३ साली आयआयटी संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हा उपक्रम सुरू करून अभियांत्रिकी व विज्ञानाची व्याख्याने सर्वांसाठी खुली केली होती. २०१४ पासून त्यावर परीक्षा व प्रमाणपत्रेही मिळू लागली. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. दीपक फाटक यांनी दूरदूरच्या केंद्रांत बसलेल्या हजारो अध्यापकांना एकाच वेळी प्रशिक्षण देण्याचे कार्य केले. त्याच संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाने संगणकाचे छोटे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले. २०१७ च्या ९ जुलै रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यवस्थेचे उद्घाटन झाले, आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी ‘स्वयम् प्रभा’ या नावाने दूरचित्रवाणीच्या ३२ वाहिन्या देण्यात आल्या. येथे शिकणे मोफत. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे अल्प शुल्क. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली अशा अभ्यासक्रमांतून २० टक्क्यांपर्यंत व २०२१ साली ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा दिली. सारांश, आज पैठण वा कन्नड तालुक्यातील मुलगा मनात आणील तर आयआयटीच्या प्राध्यापकाचा पाठ ऐकू शकतो, आणि तो त्याच्या पदवीतही मोजला जाऊ शकतो. आमच्या काळात ही गोष्ट कोणी सांगितली असती तर आम्ही ती कहाणी समजलो असतो. या देणगीस कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

परंतु आत शिरलेल्यांपैकी किती जण शेवटपर्यंत पोहोचले? २०११ च्या त्या विख्यात वर्गात १ लाख ६० हजारांपैकी सुमारे २३ हजारांनी अभ्यास पुरा केला. पुढे ही संख्या आणखी रोडावली. हार्वर्ड व एमआयटीच्या अभ्यासक्रमांची २०१२ पासूनची सहा वर्षांची नोंद तपासून २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध झाला. नाव नोंदविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी पाठ उघडूनही पाहिला नव्हता, आणि २०१७-१८ साली अभ्यासक्रम पुरा करणारे शेकडा तीनच्या आसपास होते, असे त्यात आढळले. कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाने २०१३ साली उडॅसिटीच्या साह्याने आपल्या विद्यार्थ्यांस गणितादी विषय शिकविण्याचा प्रयोग केला. पहिल्या सत्रात उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांहून बरेच खाली गेल्याने तो तूर्त थांबविण्यात आला. उन्हाळी सत्रात निकाल सुधारले हेही खरे. परंतु त्या सत्रास बसलेल्यांत आधीच पदवी घेतलेले पुष्कळ होते. ज्यास शिकण्याची सवय आहे त्यास पडदाही शिकवितो. ज्यास ती सवय लावावयाची आहे त्यास पडदा पुरत नाही.

यावर असे म्हणता येईल की, फुकट नाव घालणारे पुष्कळ जण केवळ कुतूहलाने येतात, त्यांस नापास झालेले समजू नये. हे म्हणणे योग्य आहे. ग्रंथालयात पुस्तक चाळून परत ठेवणाऱ्यास आपण दोष देत नाही. परंतु आपल्यापुढील प्रश्न कुतूहलाचा नाही. वसतिगृह बंद करून त्याच्या जागी ज्याची योजना करावयाची, ते साधन खेड्यातील मुलास पदवीपर्यंत नेईल काय, हा आहे. ‘मोफत’ या शब्दाचीही थोडी परीक्षा केली पाहिजे. एडएक्सचा कारभार २०२१ साली ८० कोटी डॉलरांच्या व्यवहारात एका व्यापारी कंपनीकडे गेला. परदेशी संस्थांच्या अभ्यासक्रमांत आज बहुधा पाहणे फुकट असते आणि गृहपाठ तपासून घेणे, प्रमाणपत्र मिळविणे यांस दाम पडतो. सरकारी ‘स्वयम्’चे तसे नाही, ही आपली जमेची बाजू. तथापि मोबाईल, त्याचा मासिक भरणा आणि शांत कोपरा यांची किंमत घरालाच द्यावी लागते. २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या तेव्हा हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. दोन खोल्यांचे घर, त्यात एक मोबाईल आणि तीन मुले. तो एक मोबाईल प्रथम थोरल्या मुलाच्या हाती जाई, आणि बहिणीची पाळी येईतो तिचा तास संपलेला असे.

आमच्या वसतिगृहातील एक अनुभव सांगतो. येथील चार मुलांनी संगणकाच्या एका मोफत अभ्यासक्रमास एकदमच नाव घातले. त्यांच्यापैकी एकाचा मामेभाऊ, अभ्यासात या चौघांहून किंचित सरसच, गावी राहून त्याच अभ्यासक्रमास बसला. चौघे रात्री जेवणानंतर एका पडद्याभोवती बसत. संगणकातले आम्हांस काही कळत नाही. आम्ही केवळ त्यांच्या वह्या पाहत असू आणि कोणाचा गृहपाठ राहिला ते विचारीत असू. इंग्रजी शब्द अडला की एक जण दुसऱ्यास मराठीत सांगे. चौघांपैकी तिघांनी परीक्षा दिली व उत्तीर्ण झाले. चौथ्याने घरच्या अडचणीमुळे मध्येच सोडले. गावचा मुलगा तिसऱ्या आठवड्यातच थांबला होता. दिवाळीत तो आला तेव्हा आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, “गुरुजी, उत्तर चुकलं एवढंच ते सांगायचं. का चुकलं ते विचारायचं तर इंग्रजीत लिहावं लागायचं. आपलं इंग्रजी वाचून लोक हसतील म्हणून मी विचारलंच नाही.” त्या मुलास बुद्धी होती, मोबाईल होता, पाठही फुकट होता. त्याच्याजवळ लाज न वाटता ज्यास विचारावे असे माणूस तेवढे नव्हते.

हाच अनुभव हे अभ्यासक्रम चालविणाऱ्यांसही आलेला दिसतो. एनपीटीईएलने महाविद्यालयांत ‘लोकल चॅप्टर’ स्थापून तेथे मार्गदर्शक नेमण्याची प्रथा पाडली आहे. ‘स्पोकन ट्युटोरियल’चे वर्गही महाविद्यालयांतील प्रयोगशाळांत संयोजकांच्या देखरेखीखाली घेतले जातात. म्हणजे ज्यांनी पडद्यावरचा पाठ निर्माण केला तेच त्याच्या शेजारी माणूस बसवू पाहत आहेत. अशा वेळी ज्याच्यापाशी माणसे व जागा दोन्ही आधीच आहेत, त्या आपल्या मंडळाने ती मोडून पाठ विकत घ्यावयास निघावे, हे उलटेच नव्हे काय? आणि पाठ तर फुकटच आहे!

वसतिगृहावर खर्च फार होतो, निम्म्या खोल्या काही महिने रिकाम्या राहतात, ही तक्रार खोटी नाही. म्हणूनच आहे तसेच चालू ठेवावे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे पुढील सभेपुढे काही सूचना ठेवतो. वसतिगृहाचा तळमजल्यावरील दिवाणखाना अभ्यासिका करावा, तेथे इंटरनेटची सोय व तीन-चार संगणक असावेत. सायंकाळी दोन तास मुलींसाठी राखून ठेवावेत, आणि शहरात राहणाऱ्या ज्ञातिभगिनींसही ते खुले असावेत. कोणत्याही मोफत अभ्यासक्रमास एकट्याने न बसता निदान तिघांनी मिळून बसावे. जो शेवटपर्यंत जाईल त्याचे परीक्षाशुल्क मंडळाने भरावे. ज्ञातीतील निवृत्त शिक्षक, अभियंते, परिचारिका यांनी पाळीपाळीने तेथे बसावे, विषय येत नसला तरी चालेल, “आज कुठवर आलास?” एवढे विचारावयास विषय येण्याची गरज नाही. गावी राहून शिकणाऱ्या मुलास दर महिन्यास एक रविवार येथे बोलवावे आणि त्याचे येण्याजाण्याचे भाडे द्यावे. आणि अभ्यासिकेचे दार शेजारपाजारच्या इतर समाजांच्या मुलांसही मोकळे ठेवावे. मिलिंदचे दार आपल्या मुलांस मोकळे होते, त्याचे ऋण फेडण्याची याहून उचित रीत आम्हांस सुचत नाही. उन्हाळ्यातील रिकाम्या खोल्या मंगलकार्यास देण्यास आमची हरकत नाही. वऱ्हाडी उतरावेत, मात्र जूनमध्ये मुले परत यावीत.

आपले नगर बावन्न दरवाजांचे म्हणून ओळखले जाते. त्यांतील जे शिल्लक आहेत ते आज सारेच उघडे आहेत. पूर्वीप्रमाणे रात्री ते कोणी लावून घेत नाही. विद्यापीठाकडे जाणारा मकाई दरवाजाही उघडाच आहे. तथापि त्यातून प्रथम आत गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांस विचारून पाहावे. प्रत्येक जण कोणा ना कोणाचे नाव घेईल. कोणी मास्तरांचे, कोणी वसतिगृहातील खोलीसोबत्याचे, कोणी भाकरी बांधून देणाऱ्या आत्याबाईचे. सरकारने व मोठमोठ्या विद्यापीठांनी दार उघडण्याचे त्यांचे काम केले आहे. हात धरून आत नेण्याचे काम मात्र नेहमीच जवळच्या माणसांकडे राहिले आहे, आणि ते करण्यासाठीच आपल्या पूर्वसूरींनी हे मंडळ काढले. पुढील सभेस ज्ञातिबंधुभगिनींनी बहुसंख्येने उपस्थित राहावे, आणि हात वर करण्यापूर्वी आपापल्या घरातील त्या पहिल्या शिकलेल्या माणसाचे क्षणभर स्मरण करावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.